भीती लहरींची, धोका पासवर्डचा

घरी फायबरचे कनेक्शन येते तेव्हा सगळे काम वीस-पंचवीस मिनिटांत उरकते. तंत्रज्ञ भिंतीला भोक पाडून वायर आत घेतो, टीव्हीच्या मागे जागा पाहून राउटर ठेवतो, तळाच्या स्टिकरवरचा पासवर्ड घरातल्यांच्या मोबाइलमध्ये टाकून देतो, एखादा व्हिडिओ चालवून दाखवतो आणि सही घेऊन निघून जातो. पुढची चार-पाच वर्षे त्या डबीकडे कोणी वळूनही पाहत नाही. फार तर नेट अडले की तिचे बटण बंद-चालू केले जाते.

तिच्याविषयी एक प्रश्न मात्र घरोघरी विचारला जातो आणि पुढे तो बाह्यरुग्ण विभागापर्यंतही पोहोचतो. ‘यातून निघणाऱ्या लहरींनी काही होत नाही ना?’ घरात गर्भवती सून असते, तान्हे बाळ असते, पेसमेकर बसवलेले आजोबा असतात. काही घरांत रात्री राउटर बंद करून मगच दिवे मालवले जातात. ‘राउटरचा मूळ पासवर्ड बदलला का?’ असे मात्र कोणी कोणाला विचारत नाही. आरोग्याच्या दृष्टीने या दोन प्रश्नांपैकी दुसराच अधिक महत्त्वाचा आहे.

हा विषय आता काढण्याचे कारण आहे. दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये सहा गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील ५०० मेगाहर्ट्झचा भाग वायफायसाठी परवानामुक्त करण्याच्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात घरातील कमी शक्तीच्या उपकरणांचा समावेश आहे. या पट्ट्यावर चालणाऱ्या राउटरची चर्चा वाढेल, तशी लहरींची जुनी भीतीही नव्याने डोके वर काढेल. त्याआधी हिशेब नीट मांडलेला बरा.

लहरींचा हिशेब

क्ष-किरण आणि वायफायच्या लहरी एकाच कुळातल्या, म्हणजे विद्युतचुंबकीय, आहेत. पण दोघांच्या ऊर्जेत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. रेणूतून इलेक्ट्रॉन उडवून पेशीतील डीएनएला थेट इजा करायची तर साधारण १० इलेक्ट्रॉन व्होल्ट इतकी ऊर्जा एका कणात असावी लागते. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरीच्या एका कणात तिचा दहा लाखावा हिस्साही जेमतेम असतो. पट्टा सहा गिगाहर्ट्झचा झाला तरी हे अंतर लाखांतच राहते. म्हणूनच क्ष-किरण खोलीच्या दाराला शिसे लावावे लागते आणि वायफायला लावावे लागत नाही.

राहिला उष्णतेचा मुद्दा. मायक्रोवेव्ह ओव्हन साधारण याच लहरी वापरून भाजी गरम करतो, मग राउटर काय करत असेल, अशी शंका घेतली जाते. ओव्हनची शक्ती ७०० ते १००० वॉट असते आणि ती एका बंद लोखंडी पेटीत कोंडलेली असते. घरगुती राउटर साधारणतः एका वॉटच्या दहाव्या भागाएवढ्या शक्तीने, तीही चारही दिशांना, लहरी सोडतो. एक मीटर अंतरावर ही तीव्रता दर चौरस मीटरला एका वॉटच्या शंभराव्या भागाहून कमी उरते. सर्वसामान्य नागरिकांसाठीची आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे दर चौरस मीटरला १० वॉट, म्हणजे हजारपटीहून जास्त. अंतर दुप्पट केले की तीव्रता चौथाईवर येते, त्यामुळे पलीकडच्या खोलीत ती आणखी नगण्य होते. ब्रिटनच्या तत्कालीन आरोग्य संरक्षण संस्थेने केलेली तुलना सोपी आहे. वायफायच्या टप्प्यात वर्षभर बसून जेवढ्या लहरी शरीराला मिळतात, तेवढ्या कानाला मोबाइल लावून २० मिनिटे बोलल्यावर मिळतात.

पेसमेकर असलेल्यांसाठी उत्पादक कंपन्या अशी उपकरणे छातीपासून साधारण १५ सेंटिमीटर दूर ठेवायला सांगतात. भिंतीवरच्या राउटरला कोणी मिठी मारत नाही, तेव्हा हा नियम आपोआपच पाळला जातो.

‘कर्करोगाच्या यादीत आहे’ म्हणजे काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये रेडिओ लहरींना ‘२-ब’ गटात टाकले. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या बहुतेक इशाऱ्यांचे मूळ तिथे आहे. या गटाचा अर्थ ‘कर्करोगाशी संबंध असण्याची शक्यता आहे, पण पुरावा अपुरा आहे’ असा होतो. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही याच गटात आहे. हे गट धोका किती मोठा ते सांगत नाहीत, पुरावा किती भक्कम ते सांगतात. पुरावा पुरेसा भक्कम असलेल्या पहिल्या गटात तंबाखू आहे, आणि सुपारीही आहे. राउटर बंद करून झोपणाऱ्या घरात जेवणानंतर सुपारीचे खांड तोंडात टाकले जात असेल, तर तिथे चोर सोडून संन्याशाला फाशी दिली जात आहे.

२०११ नंतर पुरावे साचत गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेला, ६३ अभ्यास एकत्र तपासणारा आढावा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. मोबाइल फोनचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांत संबंध असल्याचे त्यात दिसले नाही. मोबाइल डोक्याला टेकवून वापरला जातो. खोलीच्या कोपऱ्यातला राउटर त्याच्यापुढे कुठेच लागत नाही.

काही लोकांना वायफायजवळ डोके दुखते, झोप लागत नाही, धडधडते. त्यांचा त्रास खोटा नसतो. पण यंत्र चालू आहे की बंद, हे त्यांनाही आणि तपासणाऱ्यालाही कळू न देता केलेल्या प्रयोगांत त्यांना लहरी ओळखता आलेल्या नाहीत. त्रास खरा आणि कारण दुसरेच, अशी ही अवस्था आहे. धोका इथेच आहे. सकाळी डोके जड होते म्हणून राउटर उचलून बाहेर ठेवला जातो आणि रक्तदाब मोजायचा राहून जातो. चष्म्याचा नंबर, रक्तातील हिमोग्लोबिन, घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे यांपैकी काहीच तपासले जात नाही. बाजार या भीतीवरही चालतो. लहरी शोषून घेणारी स्टिकर आणि लॉकेट विकली जातात. नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा संस्थेने डिसेंबर २०२१ मध्ये ‘फाइव्ह-जीपासून संरक्षण’ देणारी काही लॉकेट आणि कडी तपासली, तेव्हा ती स्वतःच किरणोत्सारी निघाली. निरुपद्रवी लहरींच्या भीतीपोटी लोक खरा किरणोत्सार गळ्यात घालून फिरत होते.

चाळीस हजार राउटर आणि एक रुग्णालय

राउटरमुळे रुग्णांना झालेला नोंदवलेला त्रास पाहायचा असेल तर अमेरिकेतील बोस्टनला जावे लागते. एप्रिल २०१४ मध्ये तिथल्या बोस्टन चिल्ड्रन्स हॉस्पिटलच्या संगणक जाळ्यावर निरर्थक संदेशांचा प्रचंड लोंढा येऊन आदळला. एका मुलीच्या उपचारांवरून आणि ताब्यावरून तेव्हा वाद पेटला होता आणि हल्लेखोर रुग्णालयावर चिडलेला होता. त्याने आपल्या घरच्या संगणकावरून सुमारे ४० हजार राउटर ताब्यात घेतले होते आणि त्यांच्याकरवी हा हल्ला चढवला. रुग्णालयाचे जाळे किमान दोन आठवडे विस्कळीत झाले, परिसरातील इतर रुग्णालयांनाही फटका बसला. भेटीच्या वेळा, तपासणीचे अहवाल अशा रोजच्या गोष्टी अडल्या. २०१९ मध्ये त्याला दहा वर्षांहून अधिक कैद झाली.

ते राउटर ज्यांचे होते त्यांना याचा पत्ताही नसणार. त्यांचे नेट चालू होते, फार तर थोडे मंदावले असेल.

दोन वर्षांनी, २०१६ मध्ये, ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने हाच खेळ जगभर खेळला. तिची युक्ती शाळकरी होती. कारखान्यातून येणारी साठेक नावे आणि पासवर्ड यांची यादी तिच्याकडे होती आणि ती इंटरनेटवरचे राउटर व कॅमेरे एकेक करून ती नावे लावून पाहत होती. ज्या ज्या घरात मूळ पासवर्ड तसाच होता, ते ते उपकरण तिच्या फौजेत भरती झाले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी या फौजेने अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास लोकांच्या आवाक्याबाहेर ठेवली.

डेंग्यूचा अनुभव असलेल्या महाराष्ट्राला हे समजायला कठीण जाऊ नये. गच्चीवरच्या उघड्या पिंपात डास होतात, पण ते चावतात शेजाऱ्यालाही. म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असे आरोग्य विभाग सांगतो. ती केवळ त्या घरापुरती सूचना नसते. मूळ पासवर्डवर चालणारा राउटर हे असेच झाकण नसलेले पिंप आहे. त्याचा उपद्रव मालकाला होईलच असे नाही. कुठल्या तरी रुग्णालयाला, बँकेला किंवा वीजकंपनीला होईल.

कधी कधी तो मालकालाही होतो. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांची जबाबदारी घेणारा ई-मेल नवी मुंबईतील एका घराच्या वायफायवरून गेला होता. पोलीस त्या घरी पोहोचले. मेल पाठवणाऱ्याने ते असुरक्षित वायफाय बाहेरून वापरले होते. नंतरच्या काही आठवड्यांत मुंबईतील इतर ठिकाणच्या वायफायचाही असाच वापर झाला.

पाटीवरचे पत्ते बदलले तर

घरातल्या रुग्णांचा संबंधही आता या डबीशी आला आहे. ‘ई-संजीवनी’वरून डॉक्टरांचा सल्ला मिळतो, प्रयोगशाळेचे अहवाल मोबाइलवर येतात. श्वासाच्या त्रासासाठी रात्री लावायची यंत्रे, साखर मोजणारे सेन्सर, बाळाच्या खोलीतला कॅमेरा ही उपकरणेही अनेकदा इंटरनेटला जोडलेली असतात.

बँकांची आणि आरोग्यसेवांची संकेतस्थळे माहिती गुप्त स्वरूपात पाठवतात. त्यामुळे शेजाऱ्याने वायफाय चोरले म्हणजे लगेच अहवाल वाचले, असे होत नाही. पण राउटरच्या सेटिंगमध्येच कोणी शिरले तर तो संकेतस्थळांचे पत्ते शोधण्याची व्यवस्था बदलू शकतो. हे म्हणजे चौकातल्या दिशादर्शक पाट्या फिरवून ठेवण्यासारखे आहे. बरोबर पत्ता टाकूनही बनावट पान उघडते. अशा वेळी ब्राउझर ‘हे पान सुरक्षित नाही’ असा इशारा देतो, तो झुगारून पुढे जाऊ नये. कॅमेऱ्याचे तर दारच उघडे असते. त्याचा मूळ पासवर्ड तसाच असेल तर बाळाची खोली परक्याला दिसू शकते.

मोठ्या संस्थाही याला अपवाद नाहीत. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि नोंदणीपासून अहवालांपर्यंतची कामे कित्येक दिवस कागद-पेनाने करावी लागली. संगणक जाळ्याचे योग्य विभाजन नव्हते, असे कारण सरकारने संसदेत सांगितले. सगळ्या खोल्या एकमेकींत उघडत असल्या की एका खोलीतला चोर घरभर फिरतो. मे २०१७ मध्ये ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेवर आदळलेल्या ‘वॉनाक्राय’मुळे अंदाजे १९ हजारांवर भेटी रद्द झाल्या. त्या हल्ल्याला अडवणारी दुरुस्ती दोन महिने आधीच उपलब्ध होती. ती अनेक संगणकांवर बसवलेली नव्हती.

म्हणजे पासवर्ड बदला, दुरुस्त्या बसवा आणि जाळे वेगळे ठेवा. रुग्णालयांनी जबर किंमत मोजून शिकलेले हे तीनही धडे घरच्या राउटरला जसेच्या तसे लागू पडतात.

एका तासाचे काम

पहिली गोष्ट ध्यानात ठेवायची ती ही की राउटरला दोन पासवर्ड असतात. एक वायफायला जोडून घेण्याचा, तो सगळ्यांना माहीत असतो. दुसरा राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा, तो बहुतेकांना माहीतच नसतो. अनेकदा तोच ‘अॅडमिन’ असा असतो.

घरच्या वायफायला जोडलेल्या संगणकावर किंवा मोबाइलवर ब्राउझर उघडून स्टिकरवर दिलेला पत्ता टाकायचा. बहुधा तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो. समोर येणाऱ्या पानावर आधी हा दुसरा पासवर्ड बदलायचा आणि वहीत लिहून ठेवायचा. घरातली वही चोरायला परदेशातला हल्लेखोर येत नाही. कंपनीने हा पासवर्ड दिलाच नसेल तर ग्राहक सेवेकडे मागायचा.

मग वायफायचे नाव बदलावे. त्यात आडनाव किंवा फ्लॅट क्रमांक नसावा. सुरक्षेच्या प्रकारात ‘डब्ल्यूपीए३’ असेल तर ते, नसेल तर ‘डब्ल्यूपीए२’ निवडावे. ‘डब्ल्यूईपी’ हा जुना प्रकार २००१ मध्येच फोडला गेला होता, तो वापरू नये. वायफायचा पासवर्ड लांब असावा. जन्मतारीख आणि मोबाइल क्रमांक नकोत. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द, उदाहरणार्थ छत्री, कावळा, परात, उंबर अशांसारखे, रोमन अक्षरांत सलग लिहिले की लक्षातही राहतात आणि ओळखायलाही कठीण जातात.

‘डब्ल्यूपीएस’ ही बटण दाबून किंवा आठ आकडी पिन देऊन जोडण्याची सोय बंद करावी. राउटर ती पिन दोन तुकड्यांत तपासतो, त्यामुळे जास्तीत जास्त ११ हजार प्रयत्नांत ती सापडते, हे २०११ च्या अखेरीसच दाखवून दिले गेले. बाहेरून राउटर हाताळण्याची सोय, जिला ‘रिमोट मॅनेजमेंट’ म्हणतात, तीही बंद ठेवावी. सॉफ्टवेअर आपोआप अद्ययावत होण्याची सोय असेल तर ती चालू करावी. ही राउटरची लस आहे आणि तिचे डोस वेळोवेळी द्यावे लागतात. कंपनीने ज्या जुन्या मॉडेलच्या दुरुस्त्या देणे थांबवले आहे, तो राउटर चालत असला तरी बदलावा.

शेवटी ‘गेस्ट नेटवर्क’ चालू करावे. पाहुण्यांना त्याचाच पासवर्ड द्यावा, आणि टीव्ही, कॅमेरा, दिवे ही उपकरणेही त्यावरच जोडावीत. बँकेचे व्यवहार आणि वैद्यकीय कागदपत्रे असलेले मोबाइल व संगणक मुख्य जाळ्यावर ठेवावेत. जुना राउटर भंगारात देण्याआधी मागच्या बारीक छिद्रात टाचणी दाबून धरून तो मूळ स्थितीत आणावा.

जागेचाही प्रश्न आहे. टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर, माशांच्या टाकीशेजारी किंवा ओव्हनजवळ ठेवलेला राउटर अडखळतो, आणि डॉक्टरांशी बोलताना चेहरा गोठतो. तो घराच्या मध्यावर, उंचीवर आणि मोकळ्या हवेत असावा. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा दूर पोहोचतो, पाचचा वेगवान असतो पण भिंतींना अडतो. जाड दगडी भिंतींच्या वाड्यात दुसरे जोडउपकरण लागतेच. वीज वारंवार जात असेल तर राउटरपुरता छोटा बॅटरी बॅकअप घ्यावा.

रात्रीचा भोंगा

राउटरचा झोपेशी संबंध आहे, पण तो लहरींतून येत नाही. त्यातून येणाऱ्या मालिका, खेळ आणि रील्स यांतून येतो. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याचा पायंडा पाडला. बहुतेक राउटरमध्ये असा भोंगा आधीपासूनच असतो. कोणत्या उपकरणाला कोणत्या वेळी नेट मिळावे, हे त्यात ठरवता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तास ही पडद्यापुढे बसण्याची कमाल मर्यादा सांगितली आहे. मोठ्या मुलांचे नेट रात्री दहाला आपोआप बंद झाले तर रोजची वादावादी टळते. अर्थात मोबाइलचा डेटा राउटरला जुमानत नाही आणि आईबाबांच्या हातातला मोबाइल मुलांना दिसत असतो. तिथे सेटिंग कामी येत नाही.

ओझे कोणाच्या खांद्यावर?

हे सगळे घरच्यांनी करावे, असे सांगून थांबणे पुरेसे नाही. पुण्यात किंवा परदेशात मुले असलेल्या सत्तरीतल्या जोडप्याने ब्राउझरमध्ये आकडे टाकून सेटिंग बदलावे, अशी अपेक्षा करणे म्हणजे रुग्णाच्या हाती स्टेथोस्कोप देणे आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सर्वांना एकच किंवा सहज ओळखता येणारा मूळ पासवर्ड असलेली इंटरनेट उपकरणे विकण्यास कायद्याने बंदी आहे. भारतात दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राने २०२१ मध्ये घरगुती उपकरणांसाठी आचारसंहिता काढली, तिचा पहिला मुद्दा हाच आहे. पण आचारसंहिता म्हणजे कायदा नव्हे, आणि घराघरांत आधीच बसलेल्या राउटरांना ती हात लावत नाही.

यासाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही. भिंतीला भोक पाडायला आलेल्या तंत्रज्ञाने सही घेण्याआधी ग्राहकासमोर दोन्ही पासवर्ड बदलून द्यावेत, हे जोडणीच्या कामाचाच भाग ठरवता येईल. त्यात फार तर दहा मिनिटे जास्त जातील. तोवर ग्राहकाने ती दहा मिनिटे मागून घ्यावीत. ज्यांच्याकडे राउटर आधीच आहे त्यांनी दिवाळी-गणपतीला नातवंडे घरी आली की त्यांना हे काम सांगावे.

आणि रात्री राउटर बंद करण्याची सवय असेल, तर ती सोडलीच पाहिजे असे नाही. थोडी वीज वाचते, मुले लवकर झोपतात. फक्त सकाळी बटण चालू होते, तेव्हा जुना पासवर्डही पुन्हा चालू होतो, एवढे लक्षात असावे.